लाईट गेली ती जागा

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात शिरलं की हल्ली तळणीचा वास येतो. मोइनभाईंचं कॅसेटचं दुकान होतं तिथं आता एक जण मिरची भजी तळतो. काचेचं कपाट मात्र तेच आहे. ज्या फळ्यांवर कॅसेटी उभ्या असायच्या, तिथं पाण्याच्या बाटल्या उभ्या आहेत. परवा मी त्या कपाटासमोर बराच वेळ थांबले. भजीवाल्यानं दोनदा विचारलं, "काय देऊ, मॅडम?" आणि मला सांगता येईना.

मी खरं तर अंबादासकडे निघाले होते, शहराच्या पूर्व भागात. वाट इकडून जात नाही. तरी रिक्षावाल्याला मी इथंच सोडायला सांगितलं, कारण अंबादाससमोर बसून काय बोलायचं ते अजून ठरत नव्हतं.

झालं होतं एवढंच. फोनवर आमचा चौघांचा एक ग्रुप आहे. नाव, 'आज काय लावलंय?' दर रविवारी प्रत्येकानं सध्या कुठला अल्बम ऐकतोय ते तिथं टाकायचं. महादेव अक्कलकोटकडचा, घरी कन्नड बोलणारा, नोकरीनं पुण्यात स्थिरावलेला. मोइनभाई आता थकलेत. त्यांना फोनवर लिहिता येत नाही, ते आपला आवाज भरून पाठवतात. मी एका कॉलेजात शिकवते. आणि अंबादास, ज्याचा सगळा जन्म टॉवेलच्या मागावर गेला. गेल्या रविवारी त्यानं लिहिलं होतं :

"सध्या ती सरोदची जुनी तबकडी ऐकतोय. पोरानं फोनमध्ये काढून दिलीय, कानात घालायचं नवीन यंत्र पण दिलंय. ती जागा आली की अजून श्वास थांबतो बघा. आवाज बसत जातो, बसत जातो, आणि मग उठतो."

खाली महादेवनं हसणारे चेहरे टाकले होते. "फोनमध्ये पण लाईट जाते का बे अंबादास?"

मीही हसले. आणि हसता हसता थांबले. ती जागा फोनमध्ये नाही. ती जागा जगात कुठेच नाही, मोइनभाईंनी भरलेल्या आमच्या चार कॅसेटी सोडून.

वळसंगहून मी सोलापूरला आले ती कॉलेजासाठी. आमच्या घरात तोवर कुणी इतकं शिकलं नव्हतं. अप्पा मेंढरं राखायचे, आई रानात जायची. निघताना अप्पांनी पिशवीत घोंगडी घातली आणि म्हणाले, "शीक तू. पर तितं कुणाला आपल्यापायी तरास नगं." शुक्रवार पेठेत आत्याचं घर होतं, माडीवरची दीड खोली. त्या दीड खोलीत आत्यानं मला जागा दिली, याचे उपकार मी आजही मोजत नाही, कारण ते मोजण्यातले नाहीत.

आत्याच्या सज्ज्यासमोरच मोइनभाईंचं दुकान. परीक्षेचे दिवस होते. सोलापूरचा उन्हाळा, सिमेंटची भिंत रात्रीपर्यंत तव्यासारखी तापलेली. मी पाटीएवढ्या सावलीत पुस्तक घेऊन बसायची आणि समोरच्या कर्ण्यातून गाणं सुरू व्हायचं. एक दिवस धीर करून खाली गेले. "आवाज जरा कमी कराल का? परीक्षा हाय माझी."

दुकानात एक तरुण बसला होता. केसांत सुताची पांढरी धूळ, शर्टाला खळीचा आणि मशीनच्या तेलाचा वास. तो मोठ्यानं बोलला, जसा तो नेहमीच बोलायचा. "कमी केलं तर त्यात काय उरतंय?"

"अंबादास, चुप बैठ रे," मोइनभाई म्हणाले. त्यांनी कर्णा बंद केला आणि मला म्हणाले, "बेटा, इम्तिहान है तो अंदर आके पढो. अंदर भाभी है, पंखा है."

दुकान म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली होती. मधे एक उंबरा, त्यावर भाभींनी पाणी मारून लावलेला वाळ्याचा पडदा. मी त्या उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसायला लागले. "भाभी असतात ना?" एवढं आत्यानं विचारून घेतलं. ओल्या वाळ्याचा वास, पलीकडून येणारी सतार आणि मांडीवर भारताचा आर्थिक इतिहास. मी त्या वर्षी चांगल्या मार्कांनी पास झाले, आणि अजूनही औद्योगिक धोरण म्हटलं की मला भीमपलास ऐकू येतो.

रविवारी माग बंद असत. सकाळी अंबादास यायचा, महादेव यायचा. मोइनभाई चहा सांगायचे आणि एकेकाला विचारायचे, "हां, आज क्या लगाये?" म्हणजे या आठवड्यात काय ऐकलंत. प्रत्येकानं आपली कॅसेट पुढे करायची. महादेव कन्नड वचनं आणायचा, अंबादास कधी तेलुगू, कधी नुसती वाद्यं. या बैठकीला एकच नियम होता आणि तो मोइनभाई कडक पाळायचे. 'छान आहे' म्हणायचं नाही.

"अच्छा है मत बोलो. अच्छा तो पानी भी है. कान में क्या पड्या, वो बोलो."

मग महादेव अडखळत सांगायचा की हा गायक सम गाठताना दार हळू लावल्यासारखी गाठतो. अंबादास सांगायचा की या बासरीत फुंकर आधी ऐकू येते, सूर मागनं येतो, जशी सायकल दिसायच्या आधी घंटी येते. तो सातवी शिकलेला. मी पदवीला बसलेली. पण ऐकलेलं शब्दांत कसं धरायचं, हे मी त्या उंबऱ्यावर शिकले, आणि आज वर्गात मुलांना जे काही शिकवते ते त्यावरच चालतं.

माझी पाळी पहिल्यांदा आली तेव्हा माझ्याकडे कॅसेट नव्हती. टेपही नव्हता.

"गावाकडं जाऊन आलीस की," अंबादास म्हणाला. "तितं काय ऐकलीस, सांग."

मी खाली बघत सांगितलं, "अप्पा मेंढरांची लोकर कातरत होते. कातरीचा आवाज. आधी कोरडा येतोय, मग लोकर दाट झाली की कातर तोंडात कापूस घेऊन बोलल्यागत बोलती. आणि मेंढरू सुटलं की अंग झाडतंय, त्याची फडफड."

कुणी हसलं नाही. मोइनभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "ये भी एक कॅसेट है," ते म्हणाले. "लिखो इसका नाम. वळसंग, साईड ए."

"साईड बी कवा आणतीस?" अंबादासनं विचारलं. तेव्हा मात्र सगळे हसले.

तबकडीची दुपार वैशाखातली. कुठल्याशा वकिलांकडून मोइनभाईंना सरोदची एक जुनी तबकडी एका दुपारपुरती मिळाली होती. संध्याकाळी परत करायची होती. तबकडी फिरवायचं यंत्र विजेवर, आणि भरून घेणारा टेप मोइनभाईंनी मुद्दाम सेलवर ठेवलेला, विजेची घरघर नको म्हणून. दुकानाचं शटर अर्धं ओढलं. फरशीवर पाणी मारलं. भाभींना सांगितलं, भांडी वाजवू नका. आम्ही चौघं हलत नव्हतो. आलाप संपला, जोड सुरू झाला, बोटं तारांवर चालायला लागली. आणि लाईट गेली.

पंखा मंदावला. तबकडी मंदावली. सरोद खाली खाली बसत गेलं, जड होत गेलं, म्हातारा माणूस गुडघ्यावर हात टेकून बसावा तसं, आणि मग काहीच नाही. टेपचं चाक मात्र सेलवर फिरतच होतं. बोळातला एक कावळा त्यात भरला गेला. आणि लाईट आली. तबकडीनं वेग घेतला, तो सूर तळातून वर चढत चढत आपल्या जागेवर येऊन उभा राहिला आणि जणू काही झालंच नाही असा पुढे चालू लागला.

मोइनभाईंनी कपाळाला हात लावला. "सत्यानास! फिरसे भरना पडता."

"राहू दे की भाई," अंबादास म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "ही आपली जागा हाय. दुसऱ्या कुणाकडं नसणार."

तशीच ती राहिली. त्याच प्रतीवरून चौघांच्या चार कॅसेटी झाल्या. पुढे कितीतरी वर्षं मी दुसरीकडे कुठे ते वादन ऐकलं की त्या ठिकाणी माझा श्वास आपोआप थांबायचा, आणि सरोद सरळ पुढे निघून गेलं की फसवल्यासारखं वाटायचं.

अंबादासच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती हिवाळ्यात, वळसंगचा हुरडा घेऊन. दारातच आवाजाची भिंत होती. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. मी काय बोलले ते मलाच ऐकू आलं नाही. पण अंबादासची आई चुलीजवळून हसून मान हलवत होती. तिला सगळं कळत होतं. "आमी ओठ बघतो," अंबादास माझ्या कानाशी ओरडला. "मागावरच्या माणसाला ओठ वाचता येतेत. न्हाईतर भांडणं कशी करायची?"

ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसलेले असायचे, अंबादासचे पेंटय्या मामा. जन्मभर मागावर काढलेले, आता कान पूर्ण गेलेले आणि नजरही अधू, त्यामुळे ओठ वाचणंही संपलेलं. येणारे-जाणारे त्यांच्यापुढे हात जोडत आणि पुढे जात. परतताना अंबादास मला म्हणाला होता, "ऐकू न येण्याचं काय न्हाई गं. पण मामाला आता कुणी काही सांगतच न्हाई. घरात लग्न ठरलं तरी मांडव पडल्यावर कळलं त्याला."

मग काय झालं ते सगळ्यांना माहीतच आहे. कॅसेटी गेल्या. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं राहायला लागलं आणि एक दिवस पूर्ण खाली आलं. भाभी गेल्या. अप्पा गेले, त्यांची घोंगडी माझ्याकडे आहे, तिला अजून पावसात भिजलेल्या मेंढराचा वास येतो. आम्ही पांगलो आणि फोनवर पुन्हा भेटलो. सगळ्या जगाचं संगीत आता खिशात आलं, पण ग्रुपवर आम्ही नुसती नावं टाकायला लागलो. खाली अंगठे. 'छान'. 'मस्त'. नियम कधी मोडला कळलंही नाही. एकटा अंबादास अजून पाळत होता. म्हणून तर तो सापडला.

भजीवाल्याकडून मी अंबादाससाठी भजी घेतली आणि निघाले.

दार लक्ष्मीनं उघडलं, अंबादासच्या बायकोनं. घरात शांतता होती. ज्या खोलीत माग होते तिथल्या फरशीवर बोल्टांची भोकं सिमेंटनं बुजवलेली दिसतात. तिथंच खुर्चीत अंबादास बसला होता, कानात पांढरी यंत्रं, डोळे मिटलेले. मी दारातून हाक मारली. पुन्हा मारली.

"मागून हाक मारलं तर कळत न्हाई त्यांना," लक्ष्मी हळूच म्हणाली. "समोर गेलं की सगळं कळतंय. डॉक्टरनं ऐकायचं मशीन दिलाय, घालत न्हाईत. पोराला सांगू देत न्हाईत." तिनं जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला.

"अगं, ये की!" तो खूश होऊन उठला. "कवा आलीस? वास कशाचा येतोय? भजी? कुटली?"

"आपल्या दुकानातली," मी म्हणाले.

"मोइनभाई कॅसेट तळायलेत का आता?" तो मोठ्यानं हसला. मग एक यंत्र कानातून काढून माझ्या हातात दिलं. "बस, बस. घाल हे. आलापी संपली असेल. जोड येतंय बघ आता."

मी ते कानात घातलं. कानात एक बाई केसांच्या तेलाची जाहिरात करत होती. सरोद केव्हाच संपलं असावं आणि फोन आपला आपण पुढे गेला असावा. जाहिरातीमागून कुठलं तरी लग्नातलं गाणं सुरू झालं, ढोल वाजायला लागले. अंबादासनं डोळे मिटले होते. त्याची बोटं खुर्चीच्या हातावर चालत होती, तारांवरून चालावीत तशी, अगदी त्या लयीत. "आता बघ," तो म्हणाला. "आता..." आणि त्याचा हात हळूहळू खाली बसत गेला, जड होत गेला. थांबला. कावळा ओरडेल एवढा वेळ थांबला. मग तळातून वर चढत आला.

माझ्या कानात ढोल बडवत होते आणि समोर ती जागा येऊन गेली होती, जशीच्या तशी.

मी यंत्र काढलं. त्यानं डोळे उघडेपर्यंत थांबले, मग त्याच्याकडे सरळ बघत म्हणाले, "अंबादास, फोनमध्ये ती जागा नाही."

त्यानं माझ्या ओठांकडे पाहिलं. "न्हाई?" तो दचकला. "कोण काढलं?"

"कुणी काढली नाही. ती आपल्याच कॅसेटीत होती. लाईट आपली गेली होती."

लक्ष्मी भजीची ताटली ठेवून आत गेली. मग तो स्वतःशीच हसला. "व्हय की. महादेव तेच लिहिला होता. मला वाटलं टिंगल करायलाय." दुसऱ्या कानातलंही यंत्र काढून त्यानं डबीत ठेवलं. "वरचे सूर आधी गेले. कुकरची शिट्टी गेली, चिमण्या गेल्या. मला वाटलं चिमण्याच कमी झाल्यात. मग बासरी गेली. सरोद शेवटपर्यंत होतं."

"मशीन घालून बघ ना."

"घातलं की. भांडी आदळल्यागत येतंय त्यातनं. माणसाचं बोलणं तरी कळतंय थोडं. गाणं न्हाई येत." त्यानं डबीचं झाकण लावलं, उघडलं, लावलं. "पण मला सगळं पाठ हाय. रविवारी बसतो, एकेक लावतो. मनात लावतो. मग लिहितो तुमाला."

आता मला सगळं आठवत गेलं. तो फोन उचलत नसे. मोइनभाई आवाज भरून पाठवायचे आणि तो दर वेळी एकच उत्तर लिहायचा, 'हौ भाई.' एकदा भाईंनी आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगितलं होतं, त्यालाही 'हौ भाई'. भाईंना त्याचं वाईट वाटलं होतं.

"ग्रुपवर सांगू नको," अंबादास म्हणाला.

"का? आपलीच माणसं आहेत."

"हायत की. हात जोडतील आणि पुढं जातील." त्यानं ओट्याकडे पाहिलं. तिथं आता कुणी बसत नाही. "मामाला शेवटी कोण काय सांगत होतं?"

मी शब्द दिला. परत येताना रिक्षात तो शब्द मला जड होत होता. ज्यानं मला ऐकलेलं सांगायला शिकवलं, तो आपल्याला आता कुणी काही सांगणार नाही या भीतीनं बहिरेपण लपवून बसला होता. आणि आम्ही त्याला अंगठे दाखवत होतो.

आज रविवार. सकाळी ग्रुपवर महादेवनं एका अल्बमचं नाव टाकलं, खाली 'मस्त'. मोइनभाईंचा आवाज आला. मी लिहिलं :

"मोइनभाई, तुमचा नियम आपण सगळ्यांनी मोडलाय. आजपासून पुन्हा सुरू. छान म्हणायचं नाही. आवाज भरून पाठवायचा नाही, नुसतं नावही नाही. कानात काय पडलं ते लिहायचं."

भाईंनी कुरकुर केली असणार. थोड्या वेळानं त्यांच्या नातीनं लिहून पाठवलं : "दादा बोल रहे, ये लडकी पहलेसेच मास्टरनी थी. दादा बोल रहे, पहले तू लिख."

म्हणून मी दुपारी बसले. बाहेर ऊन आहे, फरशीवर पाणी मारलंय, पंखा फिरतोय. फोनवर ती तबकडी लावली आणि एकेक ओळ लिहून पाठवत गेले. लिहिलं की पहिला सूर येतो तेव्हा तो आधीपासूनच वाजत होता असं वाटतं, आपण दार आत्ता उघडलं. लिहिलं की खालच्या तारेवर तो परत परत जातो, घरातून निघताना कुलूप ओढून बघावं तसा. लिहिलं की दोन सुरांच्या मधे वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतो, आणि तो थकलेला नाही. कातरीसारखं काही सापडत नव्हतं, पुसत होते, पुन्हा लिहीत होते. इतकं अवघड मला पदवीच्या परीक्षेतही गेलं नव्हतं. महादेवनं प्रत्येक ओळ वाचल्याची खूण उमटत होती. भाईंचीही. अंबादासचीही.

जोड सुरू झाला. बोटं चालायला लागली. ती जागा जवळ आली, आणि फोनमधलं सरोद न अडखळता सरळ पुढे निघून गेलं.

मी फोन थांबवला. लिहिलं, "लाईट गेली."

खोलीत पंख्याचा आवाज होता. सज्ज्यात कुठला तरी कावळा होता, किंवा मला तसं वाटलं. पडद्यावर अंबादासच्या नावापुढे तो काही लिहीत असल्याचं दिसायला लागलं. ते थांबलं. पुन्हा दिसलं.

मग त्याचा एकच शब्द आला.

"आली."